स्फटिककाचेचा जनक : जॉर्ज रॅव्हन्स्क्रॉफ्ट

मार्गशीर्षी पौर्णिमा आली की तापीकाठच्या सारंगखेड्यास एकमुखी दत्ताची यात्रा भरते व आमच्या जिल्ह्यातील गावोगावची माणसे त्या वाटेला लागतात. देवदर्शन झाले, घोड्यांचा बाजार पाहून झाला, की परतीच्या वाटेवर ज्या दुकानांपुढे लहानथोरांचे पाय हमखास अडखळतात ती दुकाने काचसामानाची. बांगड्या, पेले, फुलदाण्या, फळे ठेवावयाचे वाडगे अशा नाना वस्तू दिव्यांच्या उजेडात तेथे लखलखत असतात. ज्या वस्तूस म्हणून पैलू पाडलेले दिसतात त्या प्रत्येकीस आजकाल क्रिस्टल ह्या एकाच भारदस्त नावाने ओळखण्याचा प्रघात पडला आहे. विकणाऱ्यासही त्याचा अर्थ ठाऊक नसतो व घेणाऱ्यासही नसतो.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी यात्रेतून असाच एक वाडगा लग्नाच्या आहेरासाठी आणला. घरच्या कपाटात आजोबांच्या वेळचा एक जुना वाडगा होता. दोन्ही शेजारी ठेवल्यावर चकाकीत फारसे अंतर दिसेना. परंतु उचलून पाहताच जुना वाडगा आकाराच्या मानाने अधिक जड भरला. तेव्हा ह्या दोहोंत खरे क्रिस्टल कोणते, असा प्रश्न घरात निघाला व दोन्ही वाडगे कापडात गुंडाळून तो विद्यार्थी शाळेत आमच्यापुढे येऊन उभा राहिला.

त्या प्रश्नाचे उत्तर चार ओळींत देता आले असते. परंतु त्या उत्तरामागे एका मनुष्याच्या आयुष्यातील कसोटीचा काळ उभा आहे, हे ध्यानी आल्यामुळे आम्ही त्याचे चरित्रच आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो. त्याचे नाव जॉर्ज रॅव्हन्स्क्रॉफ्ट. आमच्या पाठ्यपुस्तकांत हे नाव आढळत नाही. परंतु काचेचा व्यवसाय करणाऱ्या जगात गेली तीनशे वर्षे ते आदराने घेतले जात आहे.

चरित्रास आरंभ करण्यापूर्वी काच म्हणजे काय हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. वाळू अथवा गारगोटीचे पीठ हा काचेचा मुख्य पदार्थ. तो एकटा वितळवावयाचा तर फार प्रखर आच लागते. म्हणून त्यात सोड्यासारखा एखादा क्षार मिसळतात. क्षारामुळे वाळू लवकर विरघळते. परंतु नुसत्या वाळूची व क्षाराची काच पाण्यात टिकत नाही, म्हणून तिच्यात चुन्याचा अंश घालावा लागतो. वाळू, सोडा व चुना ह्या तिहींची काच ती साधी काच. आपल्या खिडकीची तावदाने, औषधाच्या बाटल्या व यात्रेतील बहुतेक सर्व सामान ह्याच काचेचे असते.

डोंगरात सापडणाऱ्या निर्मळ स्फटिकासारखी काच आपल्या हातून घडावी, ही काचकारागिरांची फार जुनी आकांक्षा होती. तिच्या जवळपास प्रथम पोहोचले ते इटलीतील व्हेनिस नगरीचे कारागीर. आगीचे भय वाटून त्या नगरीच्या शासनाने १२९१ साली शहरातील काचभट्ट्या मुरानो नामक बेटावर नेल्या. पंधराव्या शतकात तेथील कारागिरांनी जवळजवळ वर्णहीन अशी पातळ व नाजूक काच सिद्ध केली. सर्व युरोपातील राजेरजवाडे व धनिक लोक ती मोठ्या मोलाने घेत. ही विद्या बाहेर जाऊ नये म्हणून व्हेनिसचे शासन डोळ्यांत तेल घालून जपे. इंग्लंडसारख्या देशास तर आपल्या मेजावरील चांगले पेले दूरदेशाहून जहाजातून आणवावे लागत, व त्यांतील कितीतरी वाटेतच फुटत.

अशा काळी, १६३२ च्या सुमारास, इंग्लंडातील एका सुखवस्तू घराण्यात जॉर्ज रॅव्हन्स्क्रॉफ्ट ह्याचा जन्म झाला. घराणे कॅथलिक पंथाचे असल्यामुळे व त्या पंथाच्या लोकांस तेव्हा स्वदेशात उच्च शिक्षणाची व अधिकाराची दारे बंद असल्यामुळे, तरुणपणी त्यास समुद्रापलीकडे डुए येथील इंग्रजी विद्यालयात पाठविण्यात आले. तेथे धर्मोपदेशक होण्यासाठी विद्यार्थी शिकत. परंतु ती दीक्षा न घेताच जॉर्जने ते विद्यालय सोडले व व्यापाराचा मार्ग धरला. हा मार्ग त्यास व्हेनिस नगरीत घेऊन गेला.

व्हेनिसमध्ये त्याने बरीच वर्षे काढली. तेथील काच, आरसे व नाजूक विणीच्या लेसी इंग्लंडला धाडावयाच्या, असा त्याचा व्यवसाय होता. तो स्वतः फुंकणी हाती धरणारा कारागीर नव्हता. परंतु व्यापाऱ्याची दृष्टी ही देखील एक विद्याच आहे. कोणता पेला किती दिवस स्वच्छ राहतो, कोणता लवकर मळकट दिसू लागतो, गिऱ्हाईक काय पाहून पैसे मोजते व कशाने फसते, ह्या गोष्टी ज्यास रोज हाताळाव्या लागतात त्यास मालाची पारख आपोआप येते. १६६६ च्या सुमारास तो लंडनला परतला. त्याच वर्षी त्या शहरास भयंकर आग लागून त्याचा मोठा भाग भस्मसात झाला होता. शहर नव्याने बांधले जात होते व नव्या घरांस नवे सामान हवे होते.

ह्याच सुमारास इंग्लंडातील विद्वानांचे लक्ष काचेकडे वळले होते. आंतोनिओ नेरी ह्या इटालियन पंडिताने काचविद्येवर १६१२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचे ख्रिस्तोफर मेरेट ह्या वैद्याने १६६२ साली इंग्रजीत भाषांतर केले. त्यात शिसे घालून रत्नांसारखी रंगीत काच करण्याच्या कृती दिल्या होत्या. परंतु त्या शोभेच्या बारीक वस्तूंपुरत्याच समजल्या जात. पाणी पिण्याचा पेला त्या काचेचा करावा, ही कल्पना अद्याप रूढ झाली नव्हती.

१६७३ साली, वयाची चाळिशी उलटल्यावर, रॅव्हन्स्क्रॉफ्टने लंडन शहरात टेम्स नदीच्या काठी सॅव्हॉय नावाच्या भागात स्वतःची काचभट्टी घातली. स्थिरस्थावर व्यापार सोडून ह्या वयात विस्तवाशी खेळ मांडणे हे धाडसच होते. त्याने डा कोस्टा नावाच्या एका इटालियन कारागिरास हाताशी धरले. गारगोट्या भाजून, कुटून, त्यांचे पांढरेशुभ्र पीठ करावयाचे व त्यात सोरा, टाकणखार इत्यादी शुद्ध केलेले क्षार मिसळून ते मुशीत वितळवावयाचे, अशी त्यांची रीत होती. गारगोटीपासून केल्यामुळे ह्या काचेस इंग्रजीत चकमकीच्या दगडाचे नाव पडले व पुढे गारगोटीऐवजी वाळू आली तरी ते तसेच राहिले.

काच उत्तम उतरली. स्फटिकासारखी निर्मळ, व्हेनिसच्या काचेहून जाड व भरीव. रॅव्हन्स्क्रॉफ्टने राजाकडे अर्ज केला व १६७४ सालच्या मे महिन्यात त्यास सात वर्षांच्या एकाधिकाराची सनद मिळाली. लंडनच्या काचविक्रेत्यांच्या मंडळाने त्याच्याशी करार केला व त्याच वर्षी टेम्स नदीवरच, परंतु लंडनपासून दूर, हेन्ली नावाच्या गावी त्याच्यासाठी दुसरी भट्टी उभी राहिली. एका वर्षात राजाची सनद, व्यापाऱ्यांचा आधार व लोकांची वाहवा ही तिन्ही पदरी पडली.

येथेच हे चरित्र संपले असते तर आम्ही ते लिहावयास घेतले नसते. थोड्याच महिन्यांत एक विपरीत गोष्ट दिसू लागली. विकत घेताना जे पेले निर्मळ होते ते घरी कपाटात ठेवल्या ठेवल्या ओलसर भासू लागले. पुसावे तरी पुन्हा घाम आल्यासारखे दिसावे. मग त्यांच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या अतिसूक्ष्म भेगा पडत, काच धुरकट होई व अखेरीस काही वस्तू आपोआप ढासळत. हा काचेचा रोगच होय. ज्याने ती वस्तू मोठ्या हौसेने पाहुण्यांपुढे मांडली त्याची फजिती होई, व ज्याने ती विकली त्याचे नाव बद्दू होई.

ह्या रोगाचे कारण आजचे रसायनवेत्ते सांगू शकतात. पूर्वीचे कारागीर वनस्पतींची राख वापरीत, तिच्यात क्षाराबरोबर चुन्याचाही अंश असे. रॅव्हन्स्क्रॉफ्टने अधिक निर्मळ काचेच्या ध्यासाने क्षार शुद्ध करून घेतले, तेव्हा मळाबरोबर तो चुनाही निघून गेला. काच दिसावयास सुंदर झाली, परंतु तिला धरून ठेवणारा पदार्थच तीत उरला नाही. हवेतील ओल अशा काचेतील क्षार बाहेर ओढून घेते, पृष्ठभाग आकसतो व त्यास भेगा पडतात. हे सर्व आपणांस आज ठाऊक आहे. रॅव्हन्स्क्रॉफ्टपुढे मात्र केवळ रोगट पेले होते व कारण सांगणारा कोणी नव्हता.

विद्यार्थिमित्रहो, त्या वेळची त्याची अवस्था मनात आणून पाहा. सात वर्षांच्या सनदेपैकी वर्ष-दीड वर्ष सरलेले, भांडवल भट्टीत गुंतलेले, दोन ठिकाणी माणसे कामास लावलेली. माल दुकानात पाहणाऱ्यास दोष दिसत नव्हता. तो पुढे काही महिन्यांनी खरीदणाराच्या घरी उघड होणार होता. दोषाविषयी मौन पाळून जेवढा खपेल तेवढा माल खपवावा, हा मार्ग त्यास मोकळा होता. तो त्याने पत्करला नाही. त्याने मिश्रण बदलून पाहावयास आरंभ केला, व ह्या खटाटोपात त्याने क्षाराचे प्रमाण कमी करून त्याजागी शिशाचे भस्म अधिकाधिक घालून पाहिले.

हे शिशाचे भस्म आपणांस अगदी परके नाही. खेड्याच्या वेशीवरील मारुतीस जो शेंदूर फासतात, तो खरा असेल तर शिशाचेच तांबडे भस्म होय. हेच शिसे काचेत गेल्यावर तिचा रंग मुळीच तांबडा राहत नाही. उलट ती अधिक निर्मळ होते. ती लवकर वितळते व सावकाश घट्ट होते, म्हणून कारागिरास काम करण्यास उसंत मिळते. तिच्यातून जाणारा प्रकाश अधिक वाकतो, म्हणून ती अधिक चमकते. शिवाय घाम येण्याचा व भेगा पडण्याचा रोग तिला जडत नाही. अडचण एवढीच की भट्टीतील दगडी कोळशाचा धूर मुशीत शिरला तर शिसे काळे पडून काच नासते. म्हणून अशा काचेच्या मुशीस घुमटासारखे झाकण ठेवावे लागते.

१६७६ साली, म्हणजे सनद मिळाल्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, एक दाखला प्रसिद्ध झाला. पूर्वीच्या पेल्यांत दिसून आलेला दोष दूर होऊन कित्येक महिने झाले आहेत, नवे पेले सर्व परीक्षांत उतरले आहेत व ह्या परीक्षा कोणासही पुन्हा करून पाहता येतील, असा त्याचा आशय होता. आणखी एक गोष्ट त्यात होती, ती आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नास थेट भिडते. नव्या काचेचा नाद जुन्या काचेहून वेगळा आहे व तो कोणाच्याही कानास ओळखू येईल, असे त्या दाखल्यात नमूद केले होते. पूर्वी दोष होता हे त्या पत्रकाने लपविले नाही. उलट ते मान्य करूनच त्याने नवी काच लोकांपुढे ठेवली.

तथापि एकदा उडालेला विश्वास कागदाने परत येत नाही. गिऱ्हाईक नवा पेला हाती घेऊन विचारी की हा नव्या काचेचा की जुन्या रोगट काचेचा? डोळ्यांना दोन्ही सारखेच. तेव्हा नव्या काचेच्या वस्तूवर निर्मात्याची मोहोर उठवावी असे ठरले. काच ऊन असतानाच तिच्यावर काचेचाच एक लहान गोळा चिकटवून त्यावर ठसा दाबीत. तो ठसा होता डोमकावळ्याच्या डोक्याचा. कारण रॅव्हन्स्क्रॉफ्ट ह्या आडनावाचा पूर्वार्ध त्या पक्ष्याचे नाव आहे. आपल्याकडे कावळ्यास कोणी शोभेची जागा देत नाही. परंतु ह्या काळ्या पक्ष्याने निर्मळ काचेची जामीनकी पत्करली. ऑक्सफर्डशायर परगण्याचा वृत्तांत लिहिणाऱ्या रॉबर्ट प्लॉट ह्या पंडितानेही १६७७ साली छापलेल्या ग्रंथात ह्या दोषाची, त्याच्या निवारणाची व ह्या मोहोरांची नोंद केली आहे.

मोहोर उठविण्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. मोहोर नसलेला पेला नासला तर तो कोणाचा हे सिद्ध करणे कठीण. मोहोर असलेला नासला तर दोष कोणाच्या दारी न्यावयाचा हे लहान मूलही सांगेल. ज्याचे नाव नुकतेच डागाळले होते त्याने तेच नाव प्रत्येक वस्तूवर उमटविले, ह्यात त्याची परीक्षा होती. ती मोहोर असलेल्या थोड्याच वस्तू आज उरल्या आहेत; त्यांपैकी काही लंडन येथील व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात व ब्रिटिश संग्रहालयात जपून ठेविल्या आहेत. त्यांतही काहींवर जुन्या रोगाच्या जाळीदार खुणा दिसतात. सुधारणा एका रात्रीत पूर्ण झाली नव्हती, हेही त्या वस्तूच सांगतात.

पुढील कथा थोडक्यात आहे. काचविक्रेत्यांच्या मंडळाशी झालेला करार १६७९ च्या सुमारास संपला. १६८१ साली सनदेची मुदत सरली व ती काच करण्याचा मार्ग सर्वांस मोकळा झाला. सॅव्हॉयची भट्टी हॉली बिशप ह्या गृहस्थाने पुढे चालविली. १६८३ सालच्या जून महिन्यात, वयाच्या पन्नाशीच्या सुमारास, रॅव्हन्स्क्रॉफ्ट मरण पावला. ह्या शोधाचे श्रेय त्याचे एकट्याचे की डा कोस्टा व इतर परदेशी कारागिरांचे, ह्याविषयी इतिहासज्ञांत मतभेद आहेत. आम्हांस वाटते की शोध बहुधा अनेकांच्या हातांनी लागला असावा. परंतु दोषाची जबाबदारी घेऊन तो तडीस नेण्याचे काम ज्याच्या नावावर मोहोर होती त्यानेच केले. त्याच्या मृत्यूस तेरा वर्षे होतात न होतात तोच, १६९६ साली, इंग्लंडातील सत्तावीस भट्ट्यांत ही काच तयार होत होती.

ह्या काचेने मेजावरील पेल्यापेक्षाही मोठे एक काम केले. दुर्बिणीच्या भिंगातून पाहताना वस्तूच्या कडांस रंगीत झालर दिसे. साध्या काचेचे व शिशाच्या काचेचे अशी दोन भिंगे जोडून ही झालर घालविता येते, हे अठराव्या शतकात कळले व जॉन डॉलंड ह्याने १७५८ साली अशा भिंगांची सनद मिळविली. आकाशातील ग्रह मनुष्यास स्पष्ट दिसले त्यात ह्या शिशाचा वाटा आहे.

आता आमच्या विद्यार्थ्याचे दोन वाडगे पुन्हा पुढे घेऊ. प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. स्फटिककाच हे पदार्थाचे नाव आहे. पैलूदार काच हे कामाचे नाव आहे. रॅव्हन्स्क्रॉफ्टच्या पेल्यांवर आज आपण पाहतो तसे पैलू नव्हते. ते फुंकून, साच्यात दाबून व चिमट्याने नक्षी उठवून केलेले असत. फिरत्या चाकावर पैलू पाडून त्यांस झिलई देण्याची कला इंग्लंडात त्याच्या पश्चात, अठराव्या शतकात बहरास आली. शिशाची काच मऊ व जाड असल्यामुळे ह्या कलेस ती फार मानवली. परंतु पैलू साध्या काचेवरही पाडता येतात. इतकेच नव्हे तर पैलू असलेल्या साच्यात साधी काच दाबून हजारो वाडगे एकाच दिवसात काढता येतात. तेव्हा पैलू पाहून क्रिस्टल ठरविणे म्हणजे अंगरखा पाहून मनुष्याची परीक्षा करण्यासारखे आहे.

मग परीक्षा कशी करावी? पहिली खूण हाताची. शिसे जड असल्यामुळे तेवढ्याच आकाराची स्फटिककाच अधिक जड लागते. दुसरी खूण कानाची. पातळ काठाचा पेला बोटाच्या नखाने हलकेच वाजवावा. शिशाच्या काचेचा नाद घंटेसारखा रेंगाळतो, साध्या काचेचा बहुधा लवकर विरतो. मात्र जाड वाडग्यास ही परीक्षा लागू पडत नाही, म्हणून एकट्या नादावर विसंबू नये. तिसरी खूण डोळ्याची. झुंबराच्या लोलकातून पडावेत तसे इंद्रधनुष्याचे रंग शिशाच्या काचेच्या पैलूंतून विपुल पडतात. साध्या काचेचा काठ आडवा धरून पाहिल्यास पुष्कळदा किंचित हिरवट छटा दिसते. चौथी खूण बोटाची. चाकावर पाडलेल्या पैलूंच्या कडा स्पष्ट व धारदार लागतात. साच्यातून काढलेल्या वस्तूच्या कडा गोलसर असतात व तिच्या अंगावर साच्याच्या दोन भागांची सांध्याची रेघ आढळते. ही चौथी खूण वस्तू कशी घडविली एवढेच सांगते, कशाची घडविली हे सांगत नाही.

ह्या साऱ्या खुणांत मतभेदास जागा आहे. निश्चित उत्तर हवे असेल तर आर्किमिडीजची परीक्षा करावी. वस्तूचे वजन प्रथम हवेत करावे. मग ती दोऱ्याने ताणकाट्यास टांगून पाण्यात पूर्ण बुडवावी व पुन्हा वजन करावे. साध्या काचेचे विशिष्ट गुरुत्व सुमारे २.५ असल्यामुळे पाण्यात तिचे वजन सुमारे दोन-पंचमांशाने घटते. भरपूर शिसे असलेल्या काचेचे विशिष्ट गुरुत्व ३ अथवा त्याहून अधिक असते, म्हणून तिचे वजन एक-तृतीयांशाने किंवा त्याहून कमी घटते. ६०० ग्रॅम वजनाच्या साध्या वाडग्याचे २४० ग्रॅम घटतील, तर स्फटिककाचेच्या तेवढ्याच वजनाच्या वाडग्याचे २०० घटतील. १९६९ साली युरोपातील राष्ट्रांच्या आर्थिक संघाने ह्या विषयी नियम केला, त्यातही शिशाच्या प्रमाणाबरोबर विशिष्ट गुरुत्वाचा आकडा घातला आहे. शिशाचे भस्म शेकडा २४ असेल तर शिशाची स्फटिककाच, व शेकडा ३० असेल तर पूर्ण शिशाची, अशी त्याची वर्गवारी आहे. मात्र अलीकडे शिसे वगळून बेरियम, जस्त इत्यादी धातूंची भस्मे घातलेली चांगली काचही निघू लागली आहे. ती ह्या परीक्षेत साध्या काचेहून जड भरू शकते, हे ध्यानात ठेवावे.

आम्ही प्रयोगशाळेत दोन्ही वाडगे टांगले. यात्रेतील वाडग्याने आपले दोन-पंचमांश वजन पाण्यास दिले. तो साध्या काचेचा, साच्यातून काढलेला ठरला. आजोबांच्या वाडग्याने एक-तृतीयांशच दिले. मुलांनी टाळ्या पिटल्या. परंतु त्या वाडग्यात सणासुदीस लिंबाचे लोणचे काढून ठेवण्याची घरची रीत आहे, असे जेव्हा विद्यार्थ्याने सहज सांगितले, तेव्हा आम्हांस टाळ्या थांबवाव्या लागल्या.

कारण शिसे हे विष आहे. काचेत ते घट्ट बांधलेले असले तरी आंबट पदार्थ अथवा आसवे अशा भांड्यात दीर्घकाळ राहिल्यास त्यांत शिशाचा अंश उतरतो. १९९१ साली कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी हे मोजमापाने दाखविले. लहान मुलांच्या बुद्धीस व शरीरास तो विशेष घातक असतो. रॅव्हन्स्क्रॉफ्टच्या काळी हे ज्ञान नव्हते, व भट्टीत शिशाचे भस्म हाताळणाऱ्या मजुरांच्या प्रकृतीची पर्वाही फारशी कोणी केली नाही. म्हणून पालकांस आमची विनंती आहे की अशा भांड्यात लोणचे, चिंचेचे सार, लिंबाचे सरबत साठवू नये, व मुलांना दूधपाणी त्यातून देऊ नये. फुले ठेवावीत, शोभेस मांडावे. चरित्रनायकाचा गौरव करताना त्याच्या कृतीतील हा दोष सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. त्यानेही आपल्या काचेतील दोष झाकला नव्हता.

साधी काच हलकी ठरली म्हणून ती हलक्या दर्जाची, असेही कोणी मानू नये. महाराष्ट्रात काचेचा उद्योग उभा राहिला तो साध्या काचेवरच. अंताजी दामोदर काळे ह्यांनी एक एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना निघाला. पुढे ओगले बंधूंनी १९१६ साली कऱ्हाडजवळ आपला कारखाना काढला व त्या जागेस ओगलेवाडी हे नाव पडले. त्यांच्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात खेड्यापाड्यांतील कितीतरी मुलांनी आपला अभ्यास केला असेल. त्या कंदिलाच्या काचेस पैलू नव्हते व तिच्यात शिसेही नव्हते. परंतु वाऱ्यात ज्योत सांभाळण्याचे काम तिने चोख केले. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या जयविलास राजवाड्यातील प्रचंड झुंबरांचे तेज वेगळे व ह्या कंदिलाचे वेगळे. ज्याचे काम त्याने करावे.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी यात्रेतील वाडगा लग्नात आहेर म्हणून दिलाच. मात्र देताना त्यावरील क्रिस्टल असे छापलेली चिठ्ठी त्यांनी काढून टाकली व हा साध्या काचेचा वाडगा आहे, ह्यात खुशाल काहीही वाढावे, असे नवरानवरीस सांगितले. आजोबांचा वाडगा आता देवघराशेजारच्या कोनाड्यात फुलांसाठी ठेवला आहे व लोणचे चिनी मातीच्या बरणीत परत गेले आहे.

जॉर्ज रॅव्हन्स्क्रॉफ्टने राज्य मिळविले नाही की ग्रंथ लिहिला नाही. त्याने निर्मळ वाटणारी एक वस्तू केली, तिच्यात खोट निघाली, ती खोट त्याने काढली व मग आपले नाव तिच्यावर उमटविले. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढे सुतार होतील, कोणी शिक्षक, कोणी व्यापारी, कोणी शेतकरी. त्यांच्या हातचे पहिले काम निर्दोष असेलच असे नाही. ते दोष ज्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या घरी उघडे पडतील, त्या दिवशी त्यांस लंडनमधील ह्या व्यापाऱ्याची व त्याच्या डोमकावळ्याची आठवण व्हावी, एवढ्यासाठी हा लेख लिहिला.